फ्रोजन सरबत: वर पांढरा बर्फ, खाली फिकं पाणी. दर उन्हाळ्यातला घोळ आणि त्यावरचा इलाज

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. कलिंगडाच्या फोडी आणि बर्फ मिक्सरला लावला. ग्लासात ओतताना सरबत लालभडक, दाटसर, अगदी दुकानातल्यासारखं दिसलं. तेवढ्यात फोन आला आणि ग्लास पाच मिनिटं ओट्यावर राहिला. परत येऊन बघावं तर वर पांढऱ्या बर्फाचा थर, मधे गुलाबी फेस आणि तळाशी फिकं पाणी. स्ट्रॉने ओढलं की आधी सगळा रस येतो. मग उरतो तो चोखून चोखून रंग गेलेला गोळा, काडी नसलेला.

आमच्याकडे हे लागोपाठ तीन उन्हाळे झालं. तिसऱ्या वर्षी जाऊबाई ग्लास खाली ठेवत म्हणाल्या, "छान झालंय गं, पण पाणी जरा कमी घालत जा." मी पाण्याचा थेंबही घातला नव्हता. तेव्हा दुसऱ्या दिवशी वजनकाटा काढला आणि हे पाणी येतं कुठून ते शोधायला बसले. माहेर कुडाळजवळ, सासर पुण्यात, त्यामुळे हाताशी कोकमही असतं आणि मंडईतलं कलिंगडही. खाली लिहिलंय ते सगळं घरच्या मिक्सरवर आणि घरच्या फ्रिजवर करून बघितलेलं आहे. महागडी यंत्रं लागत नाहीत.

पाणी येतं कुठून

बर्फ गारवा फुकट देत नाही, स्वतः वितळून देतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता घेतो आणि एक ग्रॅम पाणी एका अंशाने गार करायला १ कॅलरी काढून घ्यावी लागते. हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं आणि पुढे आयुष्यभर ओट्यापाशी विसरलेलं असतं. मे महिन्यात बाहेर ठेवलेलं कलिंगड आरामात ३५ अंशांवर असतं. त्याचा २०० ग्रॅम रस शून्यावर आणायचा तर २०० गुणिले ३५, म्हणजे ७,००० कॅलरी काढायच्या. त्याला ८० ने भागा. साधारण ८५ ते ९० ग्रॅम बर्फ नुसता रस गार करण्यातच खपला. ट्रेमधला एक खडा २०-२५ ग्रॅमचा धरला तर पहिला घोट घेण्याआधीच चार खड्यांचं पाणी सरबतात मिसळलेलं असतं. जाऊबाईंना लागलं ते हेच पाणी.

आता तोच रस रात्रभर फ्रिजमध्ये राहून ६ अंशांवर आलेला असला तर? २०० गुणिले ६ म्हणजे १,२००, भागिले ८०. पंधरा ग्रॅम. एक खडाही पुरता लागत नाही.

तेव्हा पहिला इलाज अगदी साधा आहे: रस गार करायचं काम बर्फावर टाकू नका, ते फ्रिजला करू द्या. फळ आदल्या रात्री फ्रिजमध्ये. साखरेचा पाक फ्रिजमध्ये. मिक्सरचं स्टीलचं भांडं करण्याआधी पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये, कारण सकाळी त्याच भांड्यात चटणी वाटून गरम पाण्याने धुतलेलं असेल तर ते भांडंच बर्फ खातं. ग्लासही तसेच. काचेच्या ग्लासांपेक्षा स्टीलचे पेले बरे, पटकन गार होतात आणि फ्रीझरमध्ये तडकण्याची भीती नाही. फोटोला दिसत नाहीत हा एकच दोष.

एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा बर्फ मुळातच न घालण्याने सुटतो.

बर्फ नको, फळच गोठवा

बर्फ म्हणजे गोठलेलं पाणी. तो कितीही सांभाळला तरी शेवटी वितळून पाणीच होणार. पण गोठलेली कलिंगडाची फोड वितळली तर कलिंगडाचा रस होतो. सरबत पातळ झालं तरी फिकं होत नाही. हे कळायला मला तीन वर्षं लागली, याचं आता हसू येतं.

कलिंगडाच्या बिया काढून इंचभराच्या फोडी करा. ताटात एकमेकींना चिकटणार नाहीत अशा पसरा आणि ताट फ्रीझरमध्ये सरकवा. पाच-सहा तासांनी फोडी कडक झाल्या की डब्यात किंवा पिशवीत भरा. आधीच डब्यात कोंबून गोठवल्या तर फोडींचा एकच दगड होतो आणि मग तो बत्त्याने फोडत बसावं लागतं. एकदारी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात वेळ जास्त लागतो, तिथे रात्रभर ठेवा. ताट झाकायला विसरू नका. आमच्या फ्रीझरमध्ये एकदा माहेरून आलेली सुकट होती. त्या आठवड्यातलं कलिंगडाचं सरबत मुलांनी एका घोटात ओळखलं.

द्राक्षांना तर काहीच करावं लागत नाही. धुऊन, पुसून, देठ काढून गोठवा आणि बर्फाच्या खड्यांऐवजी थेट ग्लासात टाका. फक्त लहान मुलांना अख्खं गोठलेलं द्राक्ष देऊ नका, घशात अडकतं. उभं चिरून द्या.

आंब्याचा आमरस करून बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. पन्ह्याचंही तसंच. मोसंबीचे आणि लिंबाचे खडे मात्र आधीच करून ठेवू नका, कारण पुढे येईलच.

मग प्रमाण. बरंच चुकून माझं जमलं ते असं: दोन वाट्या गोठलेलं फळ, एक वाटी अगदी गार पातळ रस. कलिंगडाला पातळ म्हणून कलिंगडाचाच रस. आंब्याला गार पाणी किंवा, मला विचाराल तर, गार पन्हं. हापूसचे खडे आणि कैरीचं पन्हं एकत्र फिरवलं की नुसत्या आंब्याचा जो मिट्ट गोडवा असतो तो मोडतो. माझ्या मते उन्हाळ्यातलं हे सगळ्यात चांगलं फ्रोजन सरबत. कलिंगडाचं त्याच्यापुढे काही नाही, पण घरात मतदान होतं आणि मी दरवेळी हरते.

तरीही थर वेगळे होतात

फळ गोठवलं, सगळं गार होतं, तरी पंधरा मिनिटांत लाल चोथा वर आणि पाणी खाली? मग दोष कलिंगडाचा आहे. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि त्या पाण्याला धरून ठेवणारा गर फारसा नसतो. आंब्याला हा त्रास होत नाही, कारण त्याचा गरच दाट. म्हणून कलिंगडाला कुणीतरी दाट सोबती लागतो. शहाळ्याची मलई सगळ्यात उत्तम: पाऊण लिटर सरबताला एका शहाळ्याची मलई पुरते, चव बदलत नाही आणि पोत असा येतो की लोक विचारतात यात काय घातलं. मलई नसेल तर आमरसाचे दोन खडे. केळं घालायला सुचवतात, पण केळं घातलं की ते केळ्याचंच सरबत होतं. भिजवलेला सब्जा चालतो, तो मात्र फिरवून झाल्यावर वरून घालायचा.

दुसरं कारण साखर. इथे जरा थांबून सांगते, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे.

साखर फक्त गोडीसाठी नसते. ती पाण्याला गोठू देत नाही. पाण्यात साखर विरघळली की गोठण्याचा बिंदू खाली जातो आणि मिश्रणाचा सरळ दगड न होता त्यात बारीक स्फटिक आणि मधे पाकासारखा रस असा काला तयार होतो. स्लश म्हणतात ते हेच. साखर कमी पडली की पाण्याचे मोठे, कडक स्फटिक वेगळे होतात आणि रस वेगळा. दुकानातल्या स्लशच्या यंत्रात साधारण १३ ते १५ टक्के साखरेचं मिश्रण लागतं. कलिंगडात स्वतःची साखर ८ ते १० टक्के. म्हणजे तूट आहे. हापूसच्या रसात ती १६ ते २० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून आंबा कसाही केला तरी जमतो आणि आपल्याला उगीच वाटतं की आपल्याला येतंय.

हिशोब करून सांगते. ८०० ग्रॅम कलिंगडाला (गोठलेलं आणि रस मिळून) ५० ते ६० ग्रॅम साखर, म्हणजे पोह्याचे चार-पाच चमचे. ती कोरडी टाकू नका. गार रसात साखर विरघळत नाही, तळाशी जाऊन बसते. शेवटचा घोट कचकच आणि मिट्ट, आधीचे सगळे सपक. साखर आणि पाणी सारखं घेऊन साखर विरघळेपर्यंतच गरम करा. तार वगैरे येऊ द्यायची नाही, आपल्याला गुलाबजाम करायचे नाहीत. हा कच्चा पाक बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला की आठवडाभर कामाला येतो.

ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांचा प्रश्न खरा आहे. साखरेऐवजी स्टीव्हियासारखं काही घातलं तर गोडी येते, पण ते चिमूटभरच लागत असल्यामुळे गोठण्यावर परिणाम शून्य. सरबताचा दगड होतो. त्यांच्यासाठी मी गोठवायच्या भानगडीत पडत नाही. ताक, सब्जा, लिंबू, काळं मीठ असं नुसतं गारेगार करून देते.

फ्रीझरमध्ये ठेवलं आणि दगड झाला

"सकाळी करून ठेवलं, संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा सुरीही आत जाईना." होणारच. स्लशचं यंत्र मिश्रण सतत ढवळत उणे दोन-तीन अंशांवर ठेवतं. आपला फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो आणि ढवळायला आत कोणी बसलेलं नसतं. तयार सरबत फ्रीझरमध्ये तसंच ठेवायचं असेल तर त्यात २५ टक्क्यांच्या वर साखर लागेल, आणि ते सरबत राहणार नाही.

दोन मार्ग आहेत. एक, करायचं तेव्हाच करा. फोडी आणि पाक तयार असले की काम पाच मिनिटांचं आहे. दुसरा मार्ग वेळखाऊ पण मिक्सरशिवायचा: मिश्रण पसरट स्टीलच्या डब्यात दोन बोटं उंचीचं ओता, फ्रीझरमध्ये ठेवा आणि दर अर्ध्या तासाने काट्याने कडेकडून खरवडून मधे ओढा. तीन-चार वेळा खरवडलं की भुसभुशीत बर्फ तयार होतो. प्लास्टिकच्या डब्यात हे फार रेंगाळतं, स्टीलमध्ये लवकर होतं. लाइट गेली आणि अर्धवट वितळून पुन्हा गोठलं तर मोठाले स्फटिक होतात. अशा वेळी खरवडत बसू नका. सुरीने तुकडे पाडा आणि थोडा गार रस घालून मिक्सरमधून काढा.

बाटलीत गोठवत असाल तर गळ्यापर्यंत भरू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काचेची बाटली तर फ्रीझरमध्ये नकोच. मी एक फोडलेली आहे, आणि काचा मिसळलेलं दोन किलो आमरस टाकून देताना काय वाटतं ते सांगवत नाही.

मिक्सर घरघरतो, पण आत काही हलत नाही

पातं फिरतंय, आवाज चढलाय आणि फोडी वर निवांत बसून आहेत. पात्याभोवती हवेची पोकळी झालीय. फोडी खाली आणि रस वर असं घातलं की हे हमखास होतं. उलट करा: तळाला गार रस आणि पाक, वर गोठलेल्या फोडी. भांडं निम्म्याच्या वर भरू नका. बटण सरळ तीनवर न नेता उलट्या बाजूला दाबून सोडत, थांबत थांबत फिरवा. फोडी फ्रीझरमधून काढून पाच-सात मिनिटं बाहेर राहू द्या, कडकपणा जरा मोडू दे. चटणीचं छोटं भांडं यासाठी नाही. त्याचं पातं कोरडं वाटायला ठीक, गोठलेल्या फोडींशी झगडायला नाही.

आणि मिक्सर एकदम बंदच पडला तर घाबरू नका, दुकानातही धावू नका. बहुतेक मिक्सरच्या बुडाला एक लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते आपोआप सुटून मोटर वाचवतं. प्लग काढा, दहा मिनिटं गार होऊ द्या, मिक्सर आडवा करून ते बटण दाबा. आमच्या शेजारच्या काकूंनी हे माहीत नसल्यामुळे चांगला मिक्सर दुरुस्तीला पाठवला होता आणि बटण दाबण्याचे दीडशे रुपये दिले होते. बटण दाबूनही फिरत नसेल आणि जळका वास येत असेल तर मात्र तो खरंच दुरुस्तीचा.

चव सपक लागते

मिक्सरमधून चाखलं तेव्हा बरोबर होतं, ग्लासात सपक. जीभ गार पडली की गोडी कमी कळते आणि वासही उठत नाही. म्हणून गोठवायचं मिश्रण बाहेर चाखताना जरा जास्तच गोड, जरा जास्तच आंबट लागलं पाहिजे. "अगं, फार गोड झालंय" असं कोणी म्हणालं तर समजा बेत जमला. चिमूटभर मीठ हवंच. कलिंगडाला काळं मीठ, पन्ह्याला साधं आणि वेलची, जांभळाला साधं. जिरं घालायचं तर भाजून, आणि वरून. आणि फळ मुळातच बेचव असेल तर गोठवून त्याला चव येत नाही. फिकं निघालेलं कलिंगड सरबतात खपवू या, हा विचार मी अनेकदा केला आणि दरवेळी नुसती साखर वाया गेली.

कडू झालं

याची कारणं फळागणिक वेगळी.

मोसंबी आणि संत्रं: बी आणि पांढरी साल मिक्सरमध्ये गेली की कडवटपणा येतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण गाळून, नीट काढलेला रसही तासा-दोन तासांत कडू होतो, ते कळत नाही. रस काढल्यावर फळातल्या आंबटपणामुळे त्यातला एक घटक हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलतो. ताजा रस गोड आणि थोड्या वेळाने कडू, ते यामुळे. म्हणून मोसंबीचे खडे करून ठेवू नका. फळ आधी फ्रिजमध्ये गार करा आणि रस ऐन वेळी काढा. लिंबूही शेवटी पिळा, आणि पिळताना साल फार दाबू नका.

अननस आणि दूध: अननसाच्या फोडी, दूध, आइस्क्रीम असं फिरवलं आणि दहा मिनिटांनी कडू लागलं, तर दूध खराब नव्हतं. अननसात ब्रोमेलेन नावाचं प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं, ते दुधातल्या प्रथिनांवर काम करतं आणि कडवटपणा येतो. पपईचंही तेच. गोठवल्याने ते द्रव्य मरत नाही, शिजवल्याने मरतं. अननसाच्या फोडी साखर घालून उकळी येईपर्यंत शिजवा, पाच मिनिटं उकळू द्या, गार करा, मग गोठवा. नाहीतर दुधाचा नाद सोडा. अननस, पुदिना, काळं मीठ एवढ्यावर उत्तम भागतं.

जांभूळ: बी मिक्सरमध्ये गेली तर कडू-तुरट असं काहीतरी होतं. जांभळांना मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, मग हाताने कुस्करून बिया वेगळ्या करा. तुरटपणाही मिठाने जरा मवाळ होतो. जांभळं यायला लागली की बहुतेक आंबा संपत आलेला असतो आणि पावसाचे ढग दिसू लागलेले असतात, म्हणून मी गर काढून खडे करून ठेवते. पालघरकडच्या बहाडोलीची जांभळं मिळाली तर गर जास्त आणि बी लहान, कष्ट कमी.

करवंदांना कडूपणाचा नाही, चिकाचा त्रास. पूर्ण पिकलेलीच काळी घ्या, पाण्यात बुडवून ठेवा, मग फिरवून गाळा. गाळणी चिकट झाली तर आधी तेलाचं बोट फिरवा, मग साबण.

कोकमाचं गोठतच नाही. किंवा दगडच होतो.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात आणि दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. कारण "कोकम" म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टी वापरतात.

ताजे रातांबे (कोकमाची फळं) फोडून, बिया काढून, बरणीत साखरेचे थर देऊन उन्हात ठेवले की जो पाक सुटतो ते आपलं घरचं कोकम सरबत. हा अर्क साखरेने इतका भरलेला असतो की फ्रीझरमध्ये ठेवला तरी घट्ट मधासारखाच राहतो. तो आधी पातळ करायला हवा. प्यायला आपण एकाला पाच-सहा पाणी घालतो, पण तेवढ्या पातळ सरबताचा बर्फ कडक होतो. गोठवायचं तर एकाला तीन पाणी. हे मिश्रण ट्रेमध्ये ओतून रात्रभर ठेवा आणि सकाळी खडे मिक्सरला लावताना अर्धी वाटी गार पाणी घाला. रंग असा येतो की बघत राहावं.

आगळ ही वेगळी चीज. ते म्हणजे मीठ घालून ठेवलेला रातांब्याचा रस. मीठ गोठण्याचा बिंदू साखरेपेक्षा कितीतरी जास्त खाली नेतं, म्हणून आगळ जास्त झालं तर मिश्रण ओलसर, लिबलिबीत राहतं आणि खारटही होतं. लिटरभर सरबताला दोन चमचे आगळ, साखर वेगळी, बस.

तिसरं वाळलेलं आमसूल. भिजवून, कुस्करून काढलेलं पाणी चवीला चालतं, पण रंग मळकट. बोअरच्या जड पाण्यात भिजवलं तर आणखीच. कोकमाचा लाल रंग आंबट पाण्यातच खुलतो, क्षार आले की तो जांभळट-करडा होतो. गाळलेलं पाणी घ्या, लिंबाचे चार थेंब टाका. आणि कोकम, कैरी, करवंद काहीही असो, ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नका, कळकतं. माझी आजी ताकाच्या बाबतीत हे सांगायची, आणि ते इथेही तितकंच लागू.

सोलकढी गोठवून बघावी असं कुणाच्या मनात आलं तर ते मनातच राहू द्या. नारळाचं दूध गोठून वितळलं की चरबी वेगळी होते आणि जिभेवर मेणासारखे कण लागतात. मी केली होती. नवऱ्याने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण दुसरी वाटीही मागितली नाही.

दहा-बारा जणांसाठी करायचं आहे

एका वेळी मिक्सरमध्ये तीन ग्लास होतात. चौथी खेप होईपर्यंत पहिली वितळते. इथे पॉट आइस्क्रीम आठवा. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या अंगणात लाकडी पॉट निघायचा. दादा हँडल फिरवायचा, मी बर्फावर जाडं मीठ टाकायची, आणि झाकण नीट लागलं नसलं की मिठाचं पाणी आत शिरून आइस्क्रीम खारट व्हायचं, त्याचा दोष माझ्यावर. बर्फात मीठ घातलं की त्याचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. तीन भाग बर्फ आणि एक भाग मीठ असं चांगलं मिसळलं तर उणे २० पर्यंतही. आपल्याला तेवढं नको, नाहीतर कडेने दगड होईल. मोठ्या पातेल्यात बर्फ आणि त्यावर दोन मुठी जाडं मीठ, त्यात सरबताचं झाकलेलं स्टीलचं पातेलं बसवा. प्रत्येक खेप आत ओतत जा आणि मधूनमधून डावाने कडा खरवडा. तास-दीड तास सरबत जसंच्या तसं राहतं.

या बाहेरच्या पातेल्यासाठी लादीचा बर्फ चालतो, कारण तो सरबताला लागत नाही. पण ग्लासात टाकायला लादी आणू नका. खाण्याचा नसलेला बर्फ निळ्या रंगाचा असावा असा नियम आपल्या राज्यात २०१८ पासून आहे, त्यामुळे लादीत निळी झाक दिसली तर ती पातेल्याबाहेरच राहू द्या. गोठल्याने पाण्यातले जंतू मरत नाहीत, तेव्हा घरचे खडेही प्यायच्या पाण्याचेच.

उरलेलं, वितळलेलं सरबत पुन्हा गोठवून पुन्हा सरबत करायला जाऊ नका, पोत गेलेला असतो. कुल्फीच्या साच्यात ओता आणि काड्या खोचा. साचे नसतील तर बाजारात पेप्सीकोलाच्या लांबट पिशव्या मिळतात, त्यात नरसाळ्याने भरून रबर लावा. माझी भाची सुट्टीला आली की ग्लासातलं सरबत अर्धवट सोडते. ते उरलं की दुसऱ्या दिवशी पिशवीतून मिळतं, हे तिला कळलंय.